दिवाण दोनदा आला

दिवाण उघडायचा तर आधी त्यावर बसलेल्यांना उठवावं लागतं. मग लोड बाजूला करायचे, चादर काढायची, गादी गुंडाळून भिंतीशी टेकवायची आणि फळीला पाडलेल्या भोकात बोट घालून झाकण उचलायचं. आत पाहुण्यांच्या गाद्या, रजया, गोधड्या, गौरी-गणपतीच्या सजावटीचं सामान, वापरातून गेलेली पितळेची भांडी आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मराठी मध्यमवर्गीय घरात दिवसा बैठक, रात्री बिछाना आणि बाराही महिने कोठार अशी तीन कामं ज्या एका वस्तूनं केली, ती ही. तिचंच नाव न्यायालयाच्या पाटीवर ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ असं दिसतं. तेच नाव सावकाराच्या पेढीवर ‘दिवाणजी’ होऊन वह्या लिहितं, संस्थानांच्या इतिहासात राज्याचा कारभार पाहतं. गालिबच्या गझलांचा संग्रह तोही ‘दीवान’च. हे सगळे मिळून शब्द एकच आहे. तो मराठीत दोन वेगळ्या वाटांनी आणि दोन वेगळ्या काळांत आला, हे ध्यानात घेतलं की त्याच्या अर्थांची गुंतागुंत पुष्कळशी सुटते.

आधी वस्तू नीट बघू, कारण नावाचा अर्धा उलगडा तिच्या बांधणीत आहे. दिवाणाची लांबी साधारण ६ फूट आणि रुंदी ३० ते ३६ इंच. बसायला सोयीची उंची जमिनीपासून १७-१८ इंच. वर ४ इंचांची कापसाची गादी येणार हे धरून सुतार पेटी १३-१४ इंचांवर थांबवतो. यात दोन इंचांची चूक झाली तरी ती रोज जाणवते. दिवाण बुटका झाला तर म्हाताऱ्या माणसाला उठताना गुडघ्यांवर सगळा जोर द्यावा लागतो. उंच झाला तर बसणाऱ्याचे पाय लोंबकळतात आणि मांड्यांखाली कड रुतते.

उंचीचं असं जमवता येतं. खरी अडचण रुंदीची. खुर्चीची बैठक १८-२० इंचांपेक्षा खोल असून चालत नाही, नाहीतर पाठ टेकायला गेलं की पाय उचलले जातात. झोपायला मात्र निदान ३० इंच हवेतच. एकाच फळीवर ही दोन मापं बसवायची कशी? मधलं १०-१५ इंचांचं अंतर लोडांनी भरून काढायचं. दिवाणावर भिंतीलगत मांडलेले लोड आणि तक्के शोभेचे वाटतात, पण बिछान्याची बैठक करतात ते तेच. रात्री ते उचलले की रुंदी परत मिळते. एकही खिळा, बिजागरी किंवा सरकपट्टी न वापरता वस्तूचं रूप पालटणारी ही युक्ती मला फार आवडते. घडी घालायच्या सोफ्यांची यंत्रं चार-पाच वर्षांत कुरकुरायला लागतात. लोड कधी बिघडत नाही.

राहता राहिलं पोट. समोरून खण काढले तर रोजचं सामान हाताशी राहतं, पण खणांच्या चौकटी जागा खातात. वरून झाकण ठेवलं तर सगळी जागा मिळते, पण उघडण्याचा खटाटोप मोठा. म्हणून जाणता सुतार एका बाजूला दोन खण काढतो आणि उरलेली पेटी वरून उघडणारी ठेवतो. खणात रोजचं, पेटीत वर्षाचं. मागच्या फळीला हवेसाठी भोकं पाडतो आणि भिंतीची ओल लाकडात उतरू नये म्हणून बोटभर अंतर ठेवायला सांगतो. सागाची चौकट, १९ मिलिमीटरचं प्लायवूड आणि वर सनमायका, एवढ्या सामानात हे सगळं होतं.

पण दिवाणाला दिवाण करणारी गोष्ट म्हणजे त्याला जे नाही ते, उशाकडची फळी. पलंगाला उसं असतं आणि पायथा असतो. कुठे डोकं टेकायचं आणि कुठे पाय करायचे हे पलंग आधीच ठरवून टाकतो, आणि त्यामुळे त्यावर दुसरा माणूस बसला तर तो कोणाच्या तरी पायाशी बसतो. दिवाणाला दोन्ही टोकं सारखी. त्याच्या लांबीवर चार माणसं ओळीनं बसली तर कुणाचीच जागा वरची नाही की खालची नाही. बिछान्याचे शब्द मराठीत कमी नव्हते. खाट, पलंग, बाज, बाजलं, माचा, मंचक असे कितीतरी. तरी या नव्या वस्तूला त्यातला एकही चिकटला नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं. ते सगळे शब्द झोपणाऱ्याचे आहेत. बसणाऱ्यांच्या रांगेसाठी त्यात जागा नव्हती.

त्या शब्दांतही मान-अपमान कसा भरलेला होता, ते पाणिनीनं नोंदवून ठेवलं आहे. अष्टाध्यायीत ‘खट्वा क्षेपे’ असं एक छोटं सूत्र आहे. खट्वा म्हणजे आपली खाट, क्षेप म्हणजे निंदा. ब्रह्मचाऱ्यानं अध्ययन संपवून, समावर्तनाचं स्नान करून, गुरूची आज्ञा घेऊन मगच खाटेवर चढायचं असा दंडक होता. तो मोडून जो आधीच चढला तो ‘खट्वारूढ’, आणि पुढे कुणाही वाट चुकलेल्या उद्धट माणसासाठी ती शिवी झाली. पलंग हा ‘पर्यंक’, त्याचं प्राकृत वळण ‘पल्लंक’. त्याच घराण्यातून पालखी निघाली, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेलेला ‘पॅलन्क्विन’ही. पलंग मोठ्यांचा, पालखी देवाची किंवा राजाची. बाज त्या मानानं गरीब आणि कामसू. सुंभानं विणलेली, उचलायला हलकी, बाळंतिणीला झोपवायची आणि खाली शेगडी सरकवायची, उन्हाळ्यात तीच अंगणात नेऊन तिच्यावर पापड-कुरडया वाळत घालायच्या. अनेक कामं करणारं फर्निचर म्हणून खरा पहिला मान बाजेचा आहे. पण बाज विणलेली असल्यामुळे तिला पोट नाही, आणि शहरातल्या खोलीला पोटाचीच गरज होती.

मुंबईत १९२०च्या दशकात बांधल्या गेलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात एक कुटुंब, गावाहून आलेला भाऊ, शिकायला ठेवलेला पुतण्या, आणि स्वयंपाक. अशा खोलीत जी वस्तू चोवीस तासांत एकच काम करते ती जागा अडवते. भिंतीलगतच्या दिवाणावर सकाळी मुलं अभ्यास करतात, दुपारी बाई भाजी निवडते, संध्याकाळी मुलगी बघायला आलेली मंडळी बसतात, रात्री घरातलं वडील माणूस झोपतं आणि बाकीचे त्याच्याच पोटातून निघालेल्या गाद्यांवर खाली. ज्या घरात दिवाणखान्याला वेगळी खोली नव्हती, तिथे दिवाणानंच त्या खोलीचा दिवसापुरता दिवाणखाना केला.

आणि इथे शब्दांचा क्रम उलटा लागतो. दिवाणखाना म्हणजे जिथे दिवाण ठेवतात ती खोली, असं आज कुणालाही सहज वाटेल. प्रत्यक्षात मराठीत दिवाणखाना आधी आला आणि दिवाण नावाचं लाकडी सामान फार नंतर. वाड्यांतल्या सुरुदार खांबांच्या दिवाणखान्यात लाकडी दिवाण नव्हते. तिथे गाद्या-गिर्द्यांची बैठक असे. त्या ‘दिवाणखान्या’तला दिवाण म्हणजे दरबार, कचेरी, कामकाज. तो अर्थ कुठून आला हे पाहायला खूप मागे जावं लागतं, थेट मातीच्या पाटीपर्यंत.

सुमेरी भाषेत मातीच्या लेखनपाटीला ‘दुब’ म्हणत. अक्कादी भाषेत त्याचं ‘तुप्पु’ झालं, एलामच्या लोकांकडे ‘तिप्पि’, आणि तिथून प्राचीन फारसीत ‘दिपि’ म्हणजे लेख. पहिल्या दारयवहूनं इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्या लेखाला तो स्वतः ‘दिपि’ म्हणतो. इराणी साम्राज्याचा हात गांधारापर्यंत पोचला होता, आणि त्याची खूण अशोकाच्या शिलालेखांत राहिली आहे. वायव्येकडच्या शाहबाझगढीच्या आदेशात धर्मलेखाला ‘ध्रमदिपि’ म्हटलं आहे, आणि गिरनारला तोच शब्द ‘धंमलिपी’ होतो. दचा ल होताना ‘लिप्’ म्हणजे लिंपणे या आपल्या धातूनं मदत केली असावी. पाणिनी त्याच गांधार भागातला. त्याच्या सूत्रांत ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशी दोन्ही रूपं आहेत. म्हणजे आज आपण ज्या देवनागरीला ‘लिपी’ म्हणतो, तो शब्द आणि गाद्या ठेवायचा दिवाण हे दूरचे भाऊ आहेत.

कारण त्याच ‘दिपि’पासून मधल्या काळातल्या फारसीत ‘देवान’ तयार झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ अर्थ लेखांचं घर, दप्तरखाना. त्याच मुळाचा ‘दबीर’ म्हणजे लेखनिक. हा दबीर आपल्याकडे परका राहिला नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला डबीर तो हाच. परराज्यांशी पत्रव्यवहार पाहणारा. राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली तेव्हा डबीराचा ‘सुमंत’ झाला. पद बदललं, पण आडनाव म्हणून डबीर अजून महाराष्ट्रात नांदतो आहे.

‘दिवाण’ची एक लोकव्युत्पत्तीही आहे आणि ती चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूननं आपल्या ‘मुकद्दिमा’त सांगितली आहे. इराणचा बादशहा खुस्रो एकदा आपल्या कारकुनांच्या दालनात गेला. प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करत, पुटपुटत बसलेला. ते पाहून तो म्हणाला, ‘देवाने!’ म्हणजे वेडे, झपाटलेले. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. पण ती सांगणाऱ्यांच्या मनात दिवाण म्हणजे माणसांची आणि आकड्यांची गजबज होती हे तिच्यातून कळतं, आणि म्हणून मला ती टाकवत नाही.

इस्लामच्या विस्ताराबरोबर अरबांनी इराणची राज्ययंत्रणा हाती घेतली आणि तिच्यासोबत हा शब्दही. सातव्या शतकात दुसरे खलिफा उमर यांनी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या वेतनाची नोंदवही सुरू केली, तिला दिवाण म्हणत. वहीवरून वही ठेवणाऱ्या कचेरीला, कचेरीवरून खात्याला, खात्यावरून तिथे भरणाऱ्या सभेला असा अर्थ सरकत गेला. वही हा मूळ अर्थही मेला नाही. तो कवींनी जपला. एका कवीच्या सगळ्या रचना नोंदवलेला संग्रह तो दीवान. त्यातल्या गझला यमक-रदीफाच्या शेवटच्या अक्षरानुसार वर्णक्रमानं लावायची प्रथा आहे, म्हणजे कवितेतही नोंदवहीची शिस्त शिल्लक राहिली. गालिबचा उर्दू दीवान १८४१ साली पहिल्यांदा छापला गेला. त्याआधी १८१९ साली ग्योटेनं हाफिजच्या वाचनानं भारून जाऊन आपल्या जर्मन कवितासंग्रहाला ‘पश्चिम-पूर्व दीवान’ असं नाव दिलं होतं.

भूमध्य समुद्राच्या बंदरांत मात्र दिवाण कवींचा नव्हता. तिथे जहाजातला माल उतरला की तो ज्या वहीत चढायचा, ज्या कचेरीत त्यावर कर भरायचा, ती कचेरी व्यापाऱ्यांच्या तोंडी दिवाण झाली. त्यातूनच इटालियन ‘दोगाना’, स्पॅनिश ‘अदुआना’ आणि फ्रेंच ‘दुआन’ हे जकातखान्याचे शब्द निघाले. आज पॅरिसच्या विमानतळावर सामानतपासणीच्या पाटीवर दिसणारा शब्द हा दिवाणच आहे.

भारतात दिवाण आला तो कारभार घेऊन. दिल्लीच्या सुलतानांची खाती दीवान-ए-विजारत, दीवान-ए-अर्ज, दीवान-ए-इन्शा अशा नावांची. मुहंमद तुघलकानं शेतीसाठी दीवान-ए-कोही काढलं. मोगलांच्या काळात प्रत्येक सुभ्यात सुभेदाराच्या बरोबरीनं एक दिवाण असे. सुभेदाराकडे सैन्य आणि बंदोबस्त, दिवाणाकडे महसूल. एकाच्या हाती तलवार आणि तिजोरी दोन्ही जाऊ नयेत यासाठी केलेली ही वाटणी होती. १२ ऑगस्ट १७६५ रोजी शहाआलम बादशहानं बंगाल, बिहार आणि ओरिसाची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तेव्हा ही वाटणी निकालात निघाली, आणि व्यापाऱ्यांची कंपनी एका दस्तऐवजानं तीन सुभ्यांची महसूलदार झाली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्सनं न्यायव्यवस्था लावताना महसूल आणि मालमत्तेच्या तंट्यांसाठी दिवाणी अदालत आणि गुन्ह्यांसाठी फौजदारी अदालत अशा दोन शाखा केल्या. आजही भाऊबंदकीच्या जमिनीचा दावा ‘दिवाणी’ असतो, आणि तो १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालतो.

मराठी कागदपत्रांत ‘दिवाण’ म्हणजे खुद्द सरकारही. पुढे संस्थानांत तो मुख्य कारभारी झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. बडोद्यात ते १८७५ ते १८८२ या काळात दिवाण होते, आणि सयाजीराव गायकवाडांच्या अल्पवयात राज्य त्यांनी सांभाळलं. दुसऱ्या टोकाला सावकाराचे किंवा इनामदाराचे दिवाणजी. बैठ्या मेजासमोर मांडी घालून, टाक कानामागे ठेवून कीर्द-खतावणी लिहिणारा हा गृहस्थ शब्दाच्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळचा आहे. पाटी मातीची असो की वही बासनातली, त्याचं काम सुमेरपासून तेच.

इथपर्यंत लाकूड कुठेच नाही. ते आलं तुर्कस्तानातून.

उस्मानी साम्राज्याचं मंत्रिमंडळ ‘दिवान-इ-हुमायून’. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ‘कुब्बेआल्ती’ म्हणजे घुमटाखालची जागा या नावाचं दालन आहे. तिथे वजीर भिंतीलगतच्या बुटक्या, गाद्या घातलेल्या ओट्यांवर बसत, आणि वरच्या जाळीदार खिडकीआडून सुलतान त्यांचं बोलणं ऐकू शकत असे. तुर्की घरांतही खोलीच्या दोन-तीन भिंतींना लागून अशीच सलग बैठक बांधलेली असायची. मधे रिकामी जागा, पाठीशी उशा, वर खिडक्या. तुर्क तिला ‘सेदिर’ म्हणत. हा ‘सेदिर’ अरबी ‘सद्र’पासून आलेला, म्हणजे छाती, पुढचा भाग, मानाची जागा. आपल्या वाड्याची ‘सदर’ तीच. तुर्कांकडे त्या शब्दाची बैठक झाली आणि आपल्याकडे बैठकीची जागा झाली, एवढाच फरक. युरोपातून गेलेल्या वकिलांनी आणि प्रवाशांनी दिवाण म्हणजे सभा ऐकली होती, समोर ओळीनं बसलेली माणसं पाहिली, आणि त्या बसण्याच्या ओट्यालाच दिवाण म्हणायला लागले. अठराव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रजीत हा अर्थ रुजला. तुर्की-अरबी जगाकडून युरोपीय दिवाणखान्यानं त्या काळात बरंच काही उचललं. ‘सोफा’ हा अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे गालिचा घातलेला उंचवटा. ज्याच्या पोटात सामान ठेवता येतं असं गादीचं बसकं आसन ‘ऑटोमन’, हे तर सरळ उस्मानी राजघराण्याचंच नाव.

लंडनमध्ये १८२८ साली ‘ग्रँड सिगार दिवाण’ नावाची जागा उघडली, जिथे पुरुष मंडळी कॉफी आणि सिगार घेत, बुद्धिबळ खेळत लांब कोचांवर बसत. पुढे ती ‘सिम्प्सन्स’ हे उपाहारगृह म्हणून प्रसिद्ध झाली. तिथून इंग्रजांच्या शेजघरात गेला तो ‘दिवाण बेड’, ना उसं ना पायथा, खाली पेटी आणि तिच्यात खण. आपल्या सुतारांनी बांधलेला दिवाण याच कुळातला. फारसीतून थेट आलेला शब्द मराठीत दरबारी झाला होता. तोच शब्द तुर्कस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड असा वळसा घालून विसाव्या शतकात घरगुती होऊन परत आला. इथे आल्यावर त्याला लोड-तक्क्यांची आपली जुनी बैठक मिळाली. वरची गादी पिंजाऱ्यानं पिंजून भरलेली, अभ्रे घरच्या बाईनं शिवलेले. हा संगम मला कोणत्याही आयात फर्निचरपेक्षा मोलाचा वाटतो.

फर्निचर आणि सत्ता यांचे शब्द एकमेकांत मिसळणं ही नवी गोष्ट नाही, पण मिसळण्याची दिशा जवळजवळ नेहमी एकच असते. लाकडाकडून सत्तेकडे. संस्कृत ‘पीठ’ म्हणजे साधं बसायचं आसन. मराठी ‘पिढं’ त्यातूनच आलं, पण ‘पीठ’ स्वतः शक्तिपीठ, विद्यापीठ आणि खंडपीठ होऊन बसलं. गादी कापसाची, पण ती राजाची आणि महंतांचीही झाली. खुर्ची हा अरबी ‘कुर्सी’, आणि त्याच्याही मागे अक्कादी ‘कुस्सू’ व सुमेरी ‘गुझा’ आहे. आज ‘खुर्ची गेली’ म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे फर्निचर येत नाही. ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून आलं, आणि इटलीतल्या सराफांच्या तसल्याच बाकावरून ‘बँक’ झाली. फ्रेंच ‘ब्यूरो’ आधी मेजावर अंथरायचं जाडंभरडं लोकरी कापड होतं, मग मेज झालं, मग कचेरी, आणि शेवटी ब्यूरोक्रसी. या सगळ्यांची चढती झाली.

दिवाण मात्र खाली आला. नोंदवही, खातं, दरबार, मंत्री अशी सगळी उंची पाहून तो भिंतीलगत येऊन बसला आणि त्यानं घरादाराला आपल्यावर बसू दिलं. मी ‘खाली’ म्हणतो आहे ते दर्जानं नाही. शब्दाला लोकांच्या रोजच्या तोंडी जागा मिळणं ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे. दिवाणी दाव्याशी ज्यांचा आयुष्यात संबंध आला नाही अशा लाखो माणसांनी दिवाण हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला आहे.

शेजारचा एक शब्द इथे घ्यायला हवा, तो म्हणजे ‘सेटी’. मुंबईच्या घरांत याच लाकडी पेटीला पुष्कळ लोक सेटी म्हणतात, काही ‘शेटी’ म्हणतात. इंग्रजी ‘सेटी’ बहुधा ‘सेटल’चं वळण आहे. सेटल म्हणजे उंच पाठीचं लाकडी बाकडं, ज्याच्या बैठकीखाली सामान ठेवायची पेटी असे. आयर्लंडच्या शेतकरी घरांत तर उलगडून बिछाना होणारी सेटल असायची. या शब्दाच्या तळाशी ‘बसणे’ हा भारोपीय धातू आहे, आणि संस्कृतात तोच ‘सद्’. त्यापासून आपलं सदन झालं, सभासद झाला, संसद झाली. चाळीतली सेटी आणि दिल्लीतली संसद एका धातूच्या आहेत, हे शाळेतल्या मुलांना सांगितलं तर व्युत्पत्तीचा तास त्यांना आवडायला लागेल असं मला मनापासून वाटतं.

आता बाजारात ‘बॉक्स बेड’ आणि ‘सोफा-कम-बेड’ आहेत. यातला ‘कम’ लॅटिन, अर्थ ‘सह’. हिंदी-मराठी कानाला तो फारसी ‘कम’सारखा, म्हणजे थोडा, ऐकू येतो. झाकणाला वायूच्या दाबावर चालणारे दांडे आल्यामुळे गादीसकट झाकण एका हातानं उचललं जातं आणि तसंच उभं राहतं, ही खरोखरच सोय झाली आहे. तरी कापडाच्या दुकानात आजही ‘दिवाण सेट’च मागतात, म्हणजे एक चादर, लोडांचे अभ्रे आणि उशांचे अभ्रे. शब्दाची मुळं अजून घट्ट आहेत, तेव्हा कोशकारांनी त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

प्रश्न असा, की कोशात दिवाणाची नोंद एक करायची की दोन? एकाच रूपाचे पण मुळात वेगळे असलेले शब्द कोशकार दोन नोंदींत देतात. एकाच शब्दाचे अर्थ एका नोंदीत क्रमानं देतात. कारभारी दिवाण आणि लाकडी दिवाण हे मुळात एकच, पण मराठीत शिरले वेगवेगळ्या भाषांतून. काटेकोर माणूस दोन नोंदी करील. मी एकच करीन. ‘दिवाणखान्यातला दिवाण’ असं बोलताना मराठी माणूस दोन्ही शब्द एकाच घरातले मानतो, आणि इतिहासानंही त्याच्या बाजूनंच साक्ष दिली आहे. फक्त अर्थांपुढे वाटा वेगळ्या नोंदवाव्यात. सरकार, कारभारी, दरबार या अर्थांपुढे ‘फारसी’ एवढं पुरे. बैठक-बिछान्याच्या अर्थापुढे मात्र ‘फारसी, तिथून तुर्की, तिथून फ्रेंच व इंग्रजी’ असा पूर्ण रस्ता लिहावा, आणि अर्थ देताना ‘एक प्रकारचा पलंग’ असं म्हणून मोकळं होऊ नये. उशाकडची फळी नसलेली, वर बसता-झोपता येणारी आणि पोटात सामान ठेवायची लाकडी पेटी, असं स्पष्ट लिहावं.